टॅम्पा ते टॅलाहासी : फ्लोरिडाच्या ‘परकीय प्रभाव’ कायद्यांचा प्रकरण अभ्यास

१८ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या टॅम्पा शहरातील मोफिट कॅन्सर सेंटरने एक निवेदन प्रसिद्ध केले. केंद्राचे मुख्य कार्यकारी अधिकारी ॲलन लिस्ट, केंद्राचे संचालक थॉमस सेलर्स आणि आणखी चार संशोधक यांनी राजीनामे दिल्याचे त्यात म्हटले होते. चीनमधील कामाच्या संदर्भात हितसंबंधांविषयीच्या नियमांचे त्यांच्याकडून उल्लंघन झाले, आणि त्यातला मुख्य भाग चीन सरकारच्या ‘थाउजंड टॅलेंट्स’ या योजनेतील सहभागाचा होता, असे केंद्राचे म्हणणे होते. त्याच वेळी केंद्राने असेही सांगितले, की संशोधनाला बाधा पोहोचल्याची किंवा रुग्णसेवेवर परिणाम झाल्याची कोणतीही खूण आढळलेली नाही.

पुढच्या चार वर्षांत टॅलाहासी या राजधानीतील फ्लोरिडाच्या विधिमंडळाने आरोग्यसेवा आणि प्रयोगशाळेतील संशोधन यांवरील परकीय प्रभाव रोखण्यासाठी कायदे केले. त्या विचाराला धग मिळाली ती या राजीनाम्यांमुळे. इतर अनेक राज्यांनी नंतर असे कायदे केले असले, तरी अभ्यासासाठी फ्लोरिडा निवडण्याचे कारण हे, की येथे मूळ घटना, तिच्यावरचा पहिला उपाय, नंतर कडक केलेला उपाय आणि त्या उपायाची न्यायालयीन तपासणी असा सगळा प्रवास एकाच ठिकाणी पाहायला मिळतो. मोफिटमध्ये जी चूक घडली, ती या कायद्यांनी नेमकी पकडली का, हा एकच प्रश्न या लेखात धरला आहे.

मोफिटमध्ये नेमके काय चुकले

मोफिट हे खासगी, ना-नफा तत्त्वावर चालणारे केंद्र असले तरी राज्याशी त्याचे नाते जन्मापासूनचे आहे. फ्लोरिडाच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती एच. ली मोफिट यांच्या पुढाकाराने विधिमंडळाने ते स्थापन केले, साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात १९८६ मध्ये ते सुरू झाले, आणि राज्याच्या सिगारेट कराच्या उत्पन्नातील वाटा त्याला मिळत आला आहे. त्यामुळे तेथील प्रकरण केवळ एका रुग्णालयाची अंतर्गत बाब म्हणून मिटणे शक्यच नव्हते. राज्याचा पैसा जेथे जातो, तेथील प्रमुख दुसऱ्या देशाच्या सरकारी योजनेत सहभागी असेल आणि त्याने ते सांगितले नसेल, तर लोकप्रतिनिधींनी जाब विचारणे स्वाभाविक आणि योग्यच आहे.

‘थाउजंड टॅलेंट्स’ ही चीनने २००८ मध्ये सुरू केलेली योजना. परदेशात काम करणाऱ्या नामवंत संशोधकांना पद, मानधन आणि प्रयोगशाळेची सोय देऊन चीनमध्ये पूर्णवेळ किंवा अर्धवेळ आणण्याचा तिचा हेतू होता. अशा योजनेत भाग घेणे हा त्या काळी अमेरिकेत गुन्हा नव्हता. मात्र राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, हिच्याकडून संशोधन अनुदान घेणाऱ्याने आपले इतर उत्पन्न, इतर पदे आणि इतर अनुदाने जाहीर करावीत, हा नियम आधीपासून होता. ऑगस्ट २०१८ मध्ये एनआयएचचे तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी अनुदान घेणाऱ्या दहा हजारांहून अधिक संस्थांना पत्र लिहून याच नियमाची आठवण करून दिली आणि परकीय हस्तक्षेपाबद्दल सावध केले. एप्रिल २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधील तीन शास्त्रज्ञांवर कारवाई झाल्याचे उघड झाले. मोफिटनेही याच इशाऱ्यानंतर स्वतःहून अंतर्गत चौकशी केली. चीनमधील त्यांच्या जुन्या भागीदार संस्थेशी, तियानजिनच्या कर्करोग रुग्णालयाशी, असलेले संबंध तपासताना कर्मचाऱ्यांनी न सांगितलेल्या गोष्टी पुढे आल्या.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, कारण पुढचे सारे विवेचन त्यांच्यावर उभे आहे. पहिली ही, की चूक सापडली ती जुन्याच नियमाने. नवा कायदा नव्हता म्हणून ती दडून राहिली, असे झाले नाही. दुसरी ही, की राजीनामा देणाऱ्यांमध्ये संस्थेचे सर्वांत वरचे दोन अधिकारी होते. ते चीनमधून नुकतेच आलेले विद्यार्थी नव्हते, तर अमेरिकेतील वैद्यकीय संशोधनात दीर्घ कारकीर्द घडवलेले, टॅम्पामध्येच राहणारे लोक होते. दोष होता तो न सांगण्याचा. तो कोणीही करू शकतो. त्याला कोणत्याही पासपोर्टची गरज नसते.

२०२१ : आधी सांगा

प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती होजे ओलिव्हा यांनी संशोधन संस्थांच्या सचोटीसंबंधी एक विशेष समिती नेमली. तिचे अध्यक्ष ख्रिस स्प्राउल्स पुढे स्वतः सभापती झाले, आणि या समितीच्या कामातून ‘हाउस बिल ७०१७’ साकारले. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी ७ जून २०२१ रोजी त्यावर मायामीत सही केली. व्यापारी गुपितांच्या चोरीविरुद्धचे आणखी एक विधेयक त्यांनी त्याच दिवशी संमत केले.

या कायद्याने सात देशांची यादी ठरवली : चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा, सीरिया आणि निकोलस मादुरो यांच्या सत्तेखालील व्हेनेझुएला. इंग्रजीत या देशांना जे नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘ज्यांच्याविषयी चिंता वाटते असे देश’ असा होतो. या लेखात त्यांना ‘यादीतले देश’ म्हटले आहे. भारत या यादीत नाही. तरीही हा कायदा भारतीयांना लागू होत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये, आणि याचे कारण पुढे येईल.

कायद्याचा पहिला भाग पैशाविषयी आहे. परदेशी स्रोताकडून ५० हजार डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची देणगी किंवा करार असेल, तर विद्यापीठाने तो राज्याला कळवावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण कायद्यातही १९८६ पासून अशी तरतूद आहे, पण तिथली मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे. फ्लोरिडाने ती पाचपट खाली आणली. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने देणगी दडवल्यास त्या रकमेच्या १०५ टक्के दंड, आणि माहिती देणाऱ्या जागल्याला वसूल झालेल्या दंडाचा चौथा हिस्सा, अशी व्यवस्था केली. दंडाचे हे प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले दिसते. देणगी दडवून ठेवण्यात एका डॉलरचाही फायदा उरू नये, हा त्याचा साधा हिशेब आहे.

दुसरा भाग माणसांविषयी आहे, आणि मराठी वाचकांपैकी ज्यांच्या घरातले कोणी संशोधनासाठी अमेरिकेला जाण्याच्या तयारीत आहे, त्यांनी तो नीट वाचावा असा आहे. संशोधनावर एक कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च करणाऱ्या आणि राज्याचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने संशोधनाच्या जागांवर येणाऱ्या उमेदवारांची नेमणुकीपूर्वी तपासणी करावी, असे हा भाग सांगतो. ही तपासणी कोणाची? अमेरिकेचा कायम रहिवासी नसलेल्या कोणत्याही परदेशी नागरिकाची. आणि शिवाय, यादीतल्या देशातील संस्थेशी संबंध असलेल्या किंवा तेथे किमान एक वर्ष काम वा प्रशिक्षण घेतलेल्या अमेरिकी नागरिकाचीही. म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेतून पीएचडी करून गेन्सव्हिल येथील फ्लोरिडा विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून जाणाऱ्या संशोधकाला पासपोर्टच्या प्रत्येक पानाची प्रत, व्हिसासाठी भरलेला डीएस-१६० अर्ज, अठराव्या वर्षापासूनचा शिक्षण आणि नोकरीचा संपूर्ण इतिहास, प्रकाशित झालेल्या सर्व लेखनाची यादी आणि चालू वा प्रस्तावित अनुदानांचा तपशील द्यावा लागतो. या छाननीवरून ज्याला नाकारले, त्याचे नाव संस्थेने एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या जवळच्या कार्यालयाला कळवायचे, अशीही तरतूद आहे.

ही शेवटची तरतूद मला कठोर वाटते. अर्ज नाकारला जाणे आणि पोलिसी नोंदीत नाव जाणे यांत फार मोठे अंतर आहे. कागद अपुरे राहिल्यामुळे नाकारल्या गेलेल्या एखाद्या तरुणाला ते अंतर पार झाल्याचे कळणारसुद्धा नाही. तरीही या कायद्याची मूळ चौकट मला पटते. मोफिटमध्ये नेमके हेच कमी पडले होते. कायदा उमेदवाराला विचारतो : तू कोठे काम केलेस, कोणाकडून पैसे घेतोस, तुझे दुसरे पद कोणते? ही विचारणा वागणुकीविषयी आहे. शिवाय मोफिटसारखी ना-नफा संस्था विद्यापीठ नसूनही या तपासणीच्या कक्षेत येते, कारण निकष राज्याचा पैसा आणि संशोधनाचा आकार हा आहे. ज्या चुकीमुळे कायदा झाला, ती चूक जेथे घडली त्या जागेपर्यंत कायदा पोहोचतो, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

२०२३ : आधी परवानगी घ्या

८ मे २०२३ रोजी गव्हर्नरांनी एकाच दिवशी तीन विधेयकांवर सह्या केल्या. सरकारी उपकरणांवरील काही ॲपवर बंदी घालणारे एक, जमिनीची खरेदी आणि रुग्णांच्या नोंदी यांविषयीचे दुसरे, आणि विद्यापीठांविषयीचे तिसरे, ‘सीनेट बिल ८४६’. १ जुलै २०२३ पासून ते अमलात आले.

या तिसऱ्या कायद्याने भाषाच बदलली. राज्य विद्यापीठांनी आणि राज्य महाविद्यालयांनी यादीतल्या देशांतील विद्यापीठाशी किंवा ‘परकीय मुख्य पक्षाशी’ कोणताही करार करू नये, त्यांच्याकडून अनुदान घेऊ नये. करायचेच असेल तर विद्यापीठांच्या बाबतीत राज्याच्या नियामक मंडळाची परवानगी घ्यावी. तो करार विद्यार्थ्यांच्या व संस्थेच्या हिताचा आहे आणि अमेरिकेच्या सुरक्षेला अपाय करणारा नाही, हे मंडळाला पटले पाहिजे. नियम मोडणाऱ्या संस्थेचा कामगिरीवर आधारित निधी रोखता येतो. येथवर हा संस्थांमधल्या व्यवहाराचा कायदा वाटतो, आणि तसा तो चाललाही : मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाने चीनमधील आपल्या भागीदाऱ्या बंद केल्या.

पण ‘परकीय मुख्य पक्ष’ याची व्याख्या पाहिली की कायद्याचा खरा पल्ला ध्यानात येतो. त्यात यादीतल्या देशांची सरकारे, पक्ष आणि कंपन्या यांच्या जोडीने अशा देशात अधिवास असलेली प्रत्येक व्यक्ती येते, जर ती अमेरिकेची नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात डोमिसाइल म्हणतो, तोच हा अधिवास. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी डोमिसाइलच्या दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्या पालकांना ठाऊक असते, की माणूस सध्या कोठे राहतो आणि कायद्याच्या दृष्टीने तो कोठला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतही तसेच आहे. आणि नेमक्या याच जागी विद्यार्थी अडकतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थ्याला एफ-१ व्हिसा मिळण्याची अटच ही आहे, की परदेशात त्याचे घर असले पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. चीन किंवा इराणमधून आलेला विद्यार्थी व्हिसाच्या खिडकीवर जे शपथपूर्वक सांगतो, की माझे कायमचे घर मायदेशी आहे, तेच सांगणे फ्लोरिडात त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. केंद्राची अट पूर्ण केली तर राज्याच्या व्याख्येत तो ‘परकीय मुख्य पक्ष’ बनतो. राज्याच्या व्याख्येतून सुटायचे तर केंद्राची अट मोडावी लागेल. सहायक संशोधक म्हणून त्याची नेमणूक हाही विद्यापीठ आणि त्याच्यातला करारच असल्याने, प्रत्येक नेमणुकीसाठी वरच्या मंडळाची परवानगी लागणार.

बाहेरून पाहणाऱ्याला ही बाब लहान वाटेल. प्रयोगशाळा आतून कशी चालते ते माहीत असणाऱ्याला ती तशी वाटणार नाही. अमेरिकी विद्यापीठात पीएचडीचा विद्यार्थी फक्त शिकत नाही. तो सहायकपदाच्या मानधनावर जगतो, त्याच पदामुळे त्याची शिक्षण शुल्काची सोय होते, आणि प्राध्यापकाच्या अनुदानातले प्रत्यक्ष काम, पेशी वाढवण्यापासून आकडेमोडीपर्यंत, तोच करतो. सहायकपद गेले की प्रवेशपत्राला अर्थ उरत नाही. प्रवेशाची आणि नेमणुकीची पत्रे ठरावीक आठवड्यांतच द्यावी लागतात, कारण चांगला विद्यार्थी तोवर दुसऱ्या राज्यात निघून जातो. अशा वेळी परवानगीची वाट पाहणे म्हणजे व्यवहारात नकारच. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील २८० हून अधिक प्राध्यापकांनी या तरतुदीविरुद्ध निवेदनावर सह्या केल्या, त्या याच अनुभवातून.

आता मोफिटच्या प्रकरणाकडे परत जाऊन हा कायदा त्यावर लावून पाहावा. लिस्ट आणि सेलर्स यांचा अधिवास चीनमध्ये नव्हता. व्याख्या त्यांना शिवत नाही. मोफिट राज्य विद्यापीठ नाही आणि राज्य महाविद्यालयही नाही. बंदी त्या संस्थेपर्यंत जात नाही. न सांगणे हा मोफिटमधला दोष होता. या कायद्यात मात्र सगळे सांगून टाकलेल्या, व्हिसाच्या प्रत्येक चौकशीतून पार पडलेल्या तरुणालाही तीच अडचण येते. म्हणजे २०१९ ची घटना २०२३ च्या कायद्याच्या जाळ्यातून सहज सुटली असती, आणि जे त्यात अडकले त्यांचा त्या घटनेशी काही संबंध नव्हता. दोन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन कायद्यांमधला फरक कडकपणाचा आहे, असे सामान्यपणे मानले जाते. मला तो फरक दिशेचा वाटतो.

राज्याची बाजू हलक्या हाताने बाजूला सारावी अशी नाही. चीनच्या कायद्यांनुसार तेथील सरकार आपल्या नागरिकांकडून सहकार्याची मागणी करू शकते. मायदेशी आईवडील असलेल्या विद्यार्थ्यावर दबाव आणणे अशा सरकारला अवघड नसते. आणि असा दबाव कोणत्याही अर्जात लिहिलेला सापडत नाही. हा युक्तिवाद खरा आहे. पण त्याचे उत्तर जोखमीच्या विषयांत शोधायला हवे होते. घातक विषाणूंवर किंवा रुग्णांच्या जनुकीय माहितीवर काम करणारी प्रयोगशाळा आणि शेतमालाच्या अर्थशास्त्राचा विभाग यांना एकाच मापाने मोजणाऱ्या कायद्याला जोखीम ओळखता आलेली नाही, असेच म्हणावे लागेल. हे उदाहरण कल्पनेतले नाही. पुढच्या दाव्यात एक वादी कृषी अर्थशास्त्राचाच प्राध्यापक होता.

रुग्णांच्या नोंदी कोठे ठेवायच्या

त्याच दिवशी सही झालेल्या ‘सीनेट बिल २६४’ ची चर्चा बहुतेक ठिकाणी जमिनीच्या खरेदीपुरती झाली. त्यातला आरोग्यसेवेचा भाग मात्र भारतातील हजारो लोकांच्या कामाशी जोडलेला आहे. प्रमाणित इलेक्ट्रॉनिक नोंद प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेवा पुरवठादाराने, रुग्णालयाबाहेर किंवा क्लाउडवर साठवलेली रुग्णांची सर्व माहिती प्रत्यक्षात अमेरिकेच्या मुख्य भूमीत, तिच्या अधिपत्याखालील प्रदेशांत किंवा कॅनडातच ठेवली पाहिजे, असे हा भाग सांगतो. उपकंत्राटदाराकडे दिलेली माहितीही त्यात येते. परवाना घेताना आणि त्याचे नूतनीकरण करताना तसे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि ते खोटे ठरल्यास खोट्या साक्षीची शिक्षा आहे. शिवाय परवानाधारक संस्थेवर नियंत्रण असलेल्या मालकांचे हितसंबंध यादीतल्या देशांशी व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांत नसावेत, असेही बंधन आहे.

येथे यादीतले सात देश हा निकष नाही, हे लक्षात घ्यावे. अमेरिका आणि कॅनडा सोडून बाकी सारे जग एका बाजूला आहे. भारत, ब्रिटन, जर्मनी सगळे त्यात आले. रुग्णांच्या गोपनीयतेविषयीचा अमेरिकेचा १९९६ चा केंद्रीय कायदा माहिती परदेशात ठेवण्यावर अशी सरसकट बंदी घालत नाही. पुणे, नवी मुंबई, चेन्नई येथे अमेरिकी रुग्णालयांची बिले, विम्याचे कोडिंग आणि डॉक्टरांच्या टिपणांचे लेखन करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि फ्लोरिडा हे वृद्धांचे मोठे राज्य असल्याने असे काम तेथून निघणे अपेक्षितच आहे. कायद्याचा शब्द मात्र ‘साठवणे’ हा आहे. भारतात बसून अमेरिकेतल्या सर्व्हरवरील नोंद पडद्यावर पाहणे याविषयी तो काही बोलत नाही. म्हणून व्यवहारात प्रश्न उभा राहतो तो फाइल उतरवून घेण्याचा, स्थानिक सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा आणि बॅकअपचा. ज्या कंपनीची सगळी कामाची पद्धत ‘रात्री फाइल घ्या, सकाळी परत पाठवा’ अशी होती, तिला पद्धत बदलावी लागते.

या तरतुदीबद्दल माझे मत वेगळे आहे. रुग्णाची माहिती ही वस्तू आहे आणि ती कोठे ठेवायची हे सांगणे म्हणजे कोणा माणसाच्या मुळावर बोट ठेवणे नव्हे. ती जरा जास्त व्यापक आहे, मित्रदेशांनाही तिने दूर ठेवले आहे, पण तिचा नेम चुकलेला नाही. केंद्र सरकारही नंतर याच वाटेने गेले. अमेरिकी न्याय खात्याचे एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले नियम चिंतेच्या देशांकडे जाणाऱ्या मोठ्या प्रमाणावरील जनुकीय आणि आरोग्यविषयक माहितीवर बंधने घालतात, आणि टेक्सासने २०२५ मध्येच जनुकक्रम वाचणारी शत्रुदेशीय यंत्रे वैद्यकीय संस्थांत वापरण्यास मनाई करणारा कायदा केला. या सर्वांत नियमन आहे ते यंत्राचे आणि माहितीचे.

न्यायालयात

मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातील दोन चिनी विद्यार्थी आणि फ्लोरिडा विद्यापीठातील एक प्राध्यापक यांनी मायामीच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. विद्यार्थ्यांची तक्रार सहायकपदाची होती, प्राध्यापकाची हवा असलेला सहकारी नेमता येत नसल्याची. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली.

अशा दाव्यात न्यायालयापुढचा पहिला प्रश्न न्याय-अन्यायाचा नसतो. अधिकार कोणाचा, हा असतो. भारतातल्या वाचकाला तो समजायला सोपा आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, तर परराष्ट्र व्यवहार आणि परदेशी नागरिकांचा प्रवेश संघसूचीत. महाराष्ट्राने परदेशी संशोधकांविषयी स्वतंत्र कायदा करायचा म्हटला, तर कोणीही प्रथम हेच विचारील. अमेरिकेत हा वाद जुना आहे. म्यानमारशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांवर बंधन घालणारा मॅसॅच्युसेट्सचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये रद्द केला. त्याआधी, १९८२ मध्ये, मेरिलँड विद्यापीठाने विशिष्ट व्हिसावरच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना राज्यातील रहिवाशांची शुल्क-सवलत नाकारण्याचे धोरणही त्याच न्यायालयाने टिकू दिले नव्हते. केंद्राने ज्यांना अटींसह राहू दिले, त्यांच्यावर राज्याने स्वतःची जादा अट लादू नये, हा त्यामागचा विचार होता.

फ्लोरिडाच्या बाजूनेही पूर्वाधार आहे. २००६ मध्ये या राज्याने दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांच्या, म्हणजे मुख्यतः क्यूबाच्या, संशोधन प्रवासावर राज्य विद्यापीठांचा पैसा खर्च करण्यास बंदी घातली. प्राध्यापकांनी दावा केला, आणि २०१० मध्ये, फ्लोरिडा ज्याच्या कक्षेत येते त्या अकराव्या सर्किट अपील न्यायालयाने बंदी वैध ठरवली : आपला पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवण्याचा हक्क राज्याला आहे. पण त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये, क्यूबात व्यवसाय करणाऱ्या समूहातील कंपन्यांना सरकारी कंत्राटे नाकारणारा फ्लोरिडाचा दुसरा कायदा रोखून धरला. एका प्रकरणात राज्य स्वतःची तिजोरी सांभाळत होते, दुसऱ्यात ते परराष्ट्र धोरण आखू लागले होते. सीमारेषा साधारण अशी आहे.

मार्च २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या नेमणुकीसंबंधीच्या तरतुदीला दाव्याचा निकाल लागेपर्यंत हंगामी मनाई केली. केंद्राच्या स्थलांतर कायद्याने ज्यांना शिकण्याची आणि विद्यापीठात काम करण्याची मुभा दिली आहे, त्यांच्यावर राज्य वेगळी बंदी घालू शकत नाही, हा वादींचा युक्तिवाद टिकण्यासारखा आहे, असे न्यायाधीशांना वाटले. विद्यार्थी व्हिसाच्या अटीतून निर्माण होणारा जो पेच वर सांगितला, त्याकडे पाहता हे अपेक्षित होते. हा निर्णय २०२१ च्या तपासणीविषयी नाही, नोंदींच्या साठवणुकीविषयीही नाही.

या सगळ्याची मानवी किंमत कायद्यांच्या कलमांत दिसत नाही. एनआयएचच्या २०१८ नंतरच्या मोहिमेत २४६ शास्त्रज्ञांवर संशय घेतला गेला आणि त्यांतल्या १०३ जणांच्या नोकऱ्या गेल्या. बहुसंख्य आशियाई वंशाचे होते. एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन यांच्यावर जानेवारी २०२१ मध्ये आरोप ठेवले गेले आणि वर्षभराने सरकारनेच ते मागे घेतले. चीनसाठीच्या हेरगिरीचा शोध घेणारा ‘चायना इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम केंद्राच्या न्याय खात्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. केंद्र तेथून काही शिकत असताना फ्लोरिडा पुढच्याच वर्षी उलट्या दिशेने निघाले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी राज्य विद्यापीठांतील एच-१बी व्हिसावरच्या नेमणुका संपवण्याचे सांगितले, तेव्हा तर देशांची यादीही मागे पडली. त्या व्हिसावर सर्वाधिक संख्या भारतीयांची असते.

विधिमंडळाला हे प्रकरण न्यायालयावर सोडून बसण्याची गरज नाही. २०२३ च्या व्याख्येतून एकट्या व्यक्तीचा अधिवास वगळावा, संस्था आणि सरकारे तशीच ठेवावीत, आणि व्यक्तींसाठी २०२१ चीच तपासणी लावावी. नाकारलेल्याला कारण कळवावे आणि त्याचे नाव एफबीआयकडे जाण्यापूर्वी त्याला खुलाशाची संधी द्यावी. त्यासाठी नवे खाते लागणार नाही. पासपोर्टची पाने, अनुदानांच्या याद्या आणि जुन्या नोकऱ्यांचे पत्ते तपासणारे कर्मचारी त्या विद्यापीठांमध्ये आणि मोफिटमध्येही आधीच बसलेले आहेत.